संगम माहुली : राजसमाध्यांचा घाट

माघ वद्य नवमीस सज्जनगडावर समर्थांच्या समाधीपुढे दासनवमीचा सोहळा होतो आणि अवघ्या पाच दिवसांनी महाशिवरात्र येते. साताऱ्याच्या पंचक्रोशीतील भाविक घरांतून हे दोन्ही दिवस जणू एकाच व्रताचे दोन भाग मानले जातात. नवमीस गड चढून आलेली पावले चतुर्दशीस पूर्वेची वाट धरतात आणि शहरापासून सुमारे पाच किलोमीटरवर असलेल्या माहुलीच्या घाटावर येऊन थांबतात. कृष्णा आणि वेण्णा या दोघी बहिणी क्षेत्र महाबळेश्वरी उगम पावून, डोंगरांच्या वेगवेगळ्या खोऱ्यांतून निघून, येथे पुन्हा एकमेकींस भेटतात. त्या भेटीच्या जागी स्नान करावे, विश्वेश्वरास बेल वाहावा, पिंडीवर जलाची धार धरावी आणि उपवासाचा दिवस सार्थकी लावून घरी परतावे, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा परिपाठ.

परंतु या घाटावर मंदिरांच्या जोडीने आणखी काही आहे. तेथे सातारा शहराची स्मशानभूमी आहे. घरातील वडीलधारी माणसे लेकरांस त्या बाजूस फिरकू देत नाहीत. सणाचा दिवस, हातात पूजेचे तबक, तेव्हा सरणाकडे कशाला पाहावयाचे, अशी त्यामागची भावना. ती आम्हांस समजते. तथापि आजच्या या पुण्यदिनी आम्ही वाचकांस नेमके त्याच बाजूस नेणार आहोत. कारण महाशिवरात्र ज्याची, तो देवच मुळी स्मशानात राहणारा. अंगास चिताभस्म फासणारा, गळ्यात रुंडमाळा घालणारा असे त्याचे वर्णन आपण स्तोत्रांतून नित्य म्हणतो आणि प्रत्यक्षात त्याच्या त्या निवासाकडे मात्र पाठ फिरवितो. काशीत विश्वेश्वराचे जे नाते मणिकर्णिकेच्या घाटाशी, तेच माहुलीच्या विश्वेश्वराचे या संगमाशी आहे.

या घाटावर कोण कोण विसावले आहे, हे ठाऊक असलेली घरे आता थोडी उरली आहेत. मराठ्यांच्या राज्याचे छत्रपती थोरले शाहूमहाराज, त्यांच्या मातोश्री महाराणी येसूबाई आणि त्यांच्या चुलती महाराणी ताराबाई, असे तिघेही या एकाच संगमावर पंचत्वात विलीन झाले. ज्या राज्याचे घोडे पुढे अटकेपर्यंत पोहोचले, त्या राज्याच्या राजधानीचे स्मशान ते हेच.

हिंदूंच्या समाधीविषयी येथे दोन शब्द सांगणे अवश्य आहे. परदेशातील थडग्यांप्रमाणे आपल्या समाधीखाली देह असतोच असे नाही. संन्यासी, गोसावी, लिंगायत यांना भूमीत समाधी देतात. गृहस्थाचे मात्र दहन होते, तिसऱ्या दिवशी अस्थिसंचय होतो, रक्षा पाण्यात सोडली जाते आणि देहाचे असे काहीच मागे राहत नाही. मग उरते ती केवळ दहनाची जागा. थोर पुरुषांच्या बाबतीत त्या जागेवर दगडी चौथरा बांधीत, त्यावर शिवपिंडी किंवा पादुका बसवीत, कोठे तुळशीवृंदावन उभारीत, ऐपतीप्रमाणे वर छत्री चढवीत. सती गेलेल्या स्त्रीच्या शिळेवर काटकोनात उचललेला, बांगड्यांनी भरलेला हात कोरीत. म्हणजे समाधी ही मृत देहाची पेटी नसून त्या जीवाला शिवरूप मानून केलेली स्थापना होय. संगमावर एखादी पिंडी उघड्यावर दिसली, तर ती देवळाबाहेर पडलेली पिंडी असे समजून पुढे जाऊ नये. तिच्याखाली कोणाचे तरी सरण रचलेले असू शकते.

माहुलीची दोन अंगे आहेत. कृष्णेच्या पश्चिम तीरावर संगम माहुली आणि पूर्व तीरावर क्षेत्र माहुली. पश्चिमेकडील विश्वेश्वराचे मंदिर श्रीपतराव पंतप्रतिनिधी यांनी १७३५ च्या सुमारास बांधविले. काळ्या पाषाणाचे भक्कम बांधकाम, वर विटांचे व चुन्याचे शिखर आणि पायऱ्या थेट पाण्यात उतरलेल्या. पलीकडील तीरावर रामेश्वर व बिल्वेश्वर आहेत. शाहूमहाराजांच्या राजवटीत या दोन्ही तीरांवर एकामागून एक देवालये उभी राहिली; राजधानी जवळ, राज्यात स्वास्थ्य आणि प्रतिनिधींसारखे धर्मनिष्ठ सरदार, यांमुळे ते घडले. मंदिरांचे वर्णन याहून अधिक करीत नाही, कारण ती सर्वांच्या पाहण्यातली आहेत. आमचा विषय त्यांच्या सावलीत जे पडून आहे त्याचा.

शाहूमहाराजांचा अंत १५ डिसेंबर १७४९ रोजी साताऱ्यास झाला. १६८२ साली माणगावजवळील गांगवली येथे जन्मलेल्या या राजपुत्राचे बालपण राजवाड्यात गेलेच नाही. १६८९ च्या मार्चमध्ये संभाजीमहाराजांचा वध झाला, त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात रायगड पडला आणि सात वर्षांचे हे मूल आईसह मोगलांच्या छावणीत गेले. सतरा-अठरा वर्षे ती छावणी हेच त्यांचे घर होते. औरंगजेब १७०७ साली मरण पावल्यावर त्यांची सुटका झाली, आणि स्वदेशी परतताना त्यांनी खुलदाबाद येथे जाऊन बादशहाच्या कबरीचे दर्शन घेतले, असे इतिहासकार नमूद करतात. ज्याने पित्यास हाल हाल करून मारविले, त्याच्या कबरीसमोर पुत्राने मस्तक का नमवावे, या प्रश्नावर आजही घराघरांतून वाद रंगू शकेल. आम्हांस एवढेच दिसते, की मेलेल्याशी वैर नाही हा आपला जुना दंडक त्या तरुणाने, मोगली छावणीत वाढूनही, कोठून तरी आत्मसात केला होता. मरणान्ती वैर संपते हे रामायणातील विभीषणाला रामाने समजाविले, ते आपण कीर्तनांतून ऐकतो. शाहूंनी ते आचरून दाखविले.

पुढे १२ जानेवारी १७०८ रोजी साताऱ्यास त्यांचा राज्याभिषेक झाला. एक्केचाळीस वर्षांहून अधिक काळ त्यांनी राज्य केले. पोटी पुत्र नव्हता. त्यांच्या निधनानंतर राणी सकवारबाई माहुलीस सती गेल्या. हे सती जाणे कितपत स्वेच्छेचे होते, याविषयी ग्रँट डफ या इंग्रज इतिहासकाराने आपल्या १८२६ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात कठोर हकीकत दिली आहे. राज्याच्या वारशावरून राणी व पेशवे यांत तेढ होती. राणी सहगमनाचे बोलून चुकली होती. तिच्या भावास पुढे घालून, कुळाच्या अब्रूचा धाक दाखवून तो शब्द तिच्याकडून खरा करून घेण्यात आला, असे तो लिहितो. सतीच्या शिळांना हळदकुंकू वाहणाऱ्या आमच्या माताभगिनींनी ही हकीकतही जाणून घ्यावी, असे आम्हांस वाटते. वाहिलेले कुंकू त्यामुळे कमी पवित्र होत नाही. परंतु ज्या हातावर ते वाहिले, त्या हाताचे दुःखही आपण ओळखले असे होते.

महाराजांची समाधी म्हणजे संगमाजवळ नदीच्या पात्रात असलेली शिवपिंडी. ती पात्रात आहे, हेच तिचे वैशिष्ट्य आणि हाच तिचा शाप. पावसाळ्यात कृष्णा-वेण्णा दोन्ही तुडुंब भरून येतात, समाधी पाण्याखाली जाते, आणि पूर ओसरला की गाळ व वाळू मागे ठेवून जातो. चार-दोन वर्षे कोणी वाळू उपसली नाही, तर छत्रपती कोठे आहेत हे सांगावयास खूण उरत नाही. वरच्या अंगास कृष्णेवर धोम आणि वेण्णेवर कण्हेर ही धरणे झाली. पाण्याचे मान माणसाच्या हाती आले. तरी मोठ्या पुराच्या वर्षी नदी आपली जुनी वहिवाट सोडीत नाही. एका अर्थी शिवपिंडीवर निसर्गच अभिषेक करतो, असे म्हणून आपण समाधान मानू शकतो. पण अभिषेकानंतर पिंडी पुसून कोरडी करून तिला गंध लावावयाचे असते, ते काम नदी करीत नाही. ते करण्यासाठी वेळोवेळी काही मंडळी पुढे आली आणि तेथे डागडुजी झाली, ही समाधानाची गोष्ट होय.

आता येसूबाईंकडे वळू. शृंगारपूरच्या शिर्क्यांची ही कन्या शिवछत्रपतींची सून झाली. संभाजीमहाराजांनी तिला कारभाराचे अधिकार दिले आणि तिची स्वतंत्र मुद्रा चालविली. 'सखी राज्ञी' हे तिच्या मुद्रेतील शब्द. पत्नीला सखी म्हणणारा आणि राज्ञी म्हणून राज्यकारभारात बसविणारा पती त्या काळी विरळाच. पतीच्या वधानंतर रायगडाला वेढा पडला, तेव्हा या विधवेने जो निर्णय घेतला त्याला तोड नाही. दीर राजारामास तिने गडावरून निसटून जाण्यास सांगितले. राज्य टिकावयाचे तर सर्वांनी एका ठिकाणी अडकून पडू नये, हा तिचा विचार. आपल्या मुलाचा हक्क तिने क्षणभरही पुढे केला नाही. दीर जिंजीस पोहोचला, राज्य टिकले. आणि ती स्वतः मुलासह कैदेत गेली.

ती कैद किती वर्षांची असावी? मुलगा १७०७ साली सुटला. आई सुटली नाही. मुलाने दक्षिणेत राज्य चालवावे आणि आईने ओलीस म्हणून दिल्लीस राहावे, असा तो सौदा होता. बाळाजी विश्वनाथ पेशवे दिल्लीस जाऊन चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा घेऊन आले, त्या वेळी १७१९ साली येसूबाई परत आल्या. रायगड पडला त्या वर्षापासून मोजले तर जवळजवळ तीस वर्षे झाली. गेली तेव्हा तरुण होती, आली तेव्हा केस पांढरे झालेली. सनदांचे महत्त्व शाळेच्या पुस्तकांत असते. त्याच काफिल्यात एक म्हातारी आई तीस वर्षांनी आपल्या मुलाच्या घरी आली, हे मात्र पुस्तकात एका ओळीवर भागते.

साताऱ्यास मुलाच्या छत्राखाली काही वर्षे काढून त्या निवर्तल्या आणि माहुलीस त्यांचा अंत्यविधी झाला. मुलाची समाधी निदान ठाऊक तरी होती. आईची समाधी कोठे, हे लोक विसरून गेले. जवळपास दोन शतके असा प्रकार होता, की स्वराज्याच्या महाराणीच्या समाधीवरून येणारे जाणारे जात होते आणि कोणास तिचे नाव माहीत नव्हते. अलीकडच्या काळात साताऱ्यातील इतिहास-अभ्यासकांनी जुने कागद तपासून, जागेचे वर्णन जुळवून, माहुलीतील एका जुन्या बांधकामाशी ते नाव पुन्हा जोडले, आणि येसूबाईंची समाधी लोकांसमोर आली. हे नाव हरवलेच कसे, याचा विचार करता आम्हांस त्याचे मूळ वर सांगितलेल्या त्या सवयीत दिसते. 'तिकडे पाहू नये' असे आपण तीन पिढ्या मुलांस सांगितले. चौथ्या पिढीस तिकडे काय आहे ते सांगणारा उरला नाही. देवळातील देवाचे नाव विसरले जात नाही, कारण तेथे रोज दिवा लागतो.

याच घाटावर येसूबाईंची धाकटी जाऊ आहे. ताराबाई म्हणजे सरसेनापती हंबीरराव मोहिते यांची कन्या, कऱ्हाडजवळच्या तळबीडची. १७०० साली सिंहगडावर राजाराममहाराज वारले, तेव्हा ही जेमतेम पंचविशीची. मांडीवर लहान मुलगा आणि समोर प्रत्यक्ष औरंगजेब बादशहा. तिने पुढील सात वर्षे त्या बादशहास दक्षिणेत असे फिरविले, की तो दिल्लीचे तोंड पुन्हा न पाहता अहमदनगरजवळ मेला. इथवरची ताराबाई सर्वांना प्रिय आहे. त्यानंतरची तितकीशी नाही. शाहू परत येताच राज्य कोणाचे, हा प्रश्न उभा राहिला. ज्याच्यासाठी राखले त्याला ते द्यावे, की ज्यांनी राखले त्यांनी ते ठेवावे? ताराबाईंनी दुसरा पक्ष घेतला. १७०७ च्या ऑक्टोबरात भीमेकाठी खेड येथे काकू आणि पुतणा यांच्या फौजा समोरासमोर आल्या व पुतण्याचा जय झाला. साताऱ्यास एक गादी, कोल्हापुरास दुसरी, अशी फूट पडली.

या भाऊबंदकीचा निवाडा अखेर एका नदीने केला, आणि ती नदी माहुलीच्याच प्रवाहाला पुढे जाऊन मिळते. १७३१ साली शाहू आणि कोल्हापूरचे संभाजीराजे यांच्यात तह झाला, त्यात वारणा नदी ही दोन्ही राज्यांची सीमा ठरली. सांगलीजवळ हरिपूर येथे वारणा कृष्णेस मिळते. तेथेही संगमेश्वराचे पुरातन स्थान आहे, तेथेही महाशिवरात्रीस आणि श्रावणी सोमवारी सांगली-मिरजेकडील भाविकांची रीघ लागते. हळदीच्या पेवांचे गाव म्हणून व्यापारी हरिपूर ओळखतात, 'शारदा' नाटकाचे कर्ते गोविंद बल्लाळ देवल यांचे गाव म्हणून रसिक ओळखतात. परंतु संगमेश्वराच्या पायऱ्यांवर उभे राहून पाण्याकडे पाहताना हेही आठवावे, की एका घराण्याच्या दोन पात्यांची वाटणी याच पाण्यापर्यंत येऊन थांबली होती. वर माहुलीस त्याच घराण्याची रक्षा पाण्यात सोडली, ती वाहत वाहत खाली वाटणीच्या या रेघेवरून गेली. नदीने रेघ मानली नाही.

स्वतः ताराबाईंनी तहाच्या सुमारास साताऱ्यासच राहणे पत्करले. ज्या पुतण्याशी रणात झुंजल्या, त्याच्याच राजधानीत त्यांनी उरलेले आयुष्य काढले. १७४९ साली शाहू गेल्यावर त्यांनी रामराजास आपला नातू म्हणून पुढे आणले, मग त्यालाच साताऱ्याच्या किल्ल्यावर कैद केले, आणि १७५२ साली जेजुरीस खंडोबासमोर तो आपला नातू नव्हे अशी शपथ घेतली. देवासमोर घेतलेल्या या शपथेबद्दल भाविक मन त्यांना सहज क्षमा करणार नाही. आम्हांसही तो प्रसंग वाचताना बरे वाटत नाही. पण एक गोष्ट विसरता येत नाही. या बाईने शिवछत्रपतींच्या अखेरच्या वर्षांपासून पानिपतापर्यंतचा सारा काळ डोळ्यांनी पाहिला. १७६१ च्या जानेवारीत पानिपत झाले, जूनमध्ये नानासाहेब पेशवे गेले आणि डिसेंबरात, वयाच्या शहाऐंशीच्या सुमारास, ताराबाई गेल्या. त्यांचे दहन झाले ते माहुलीस. पुतण्याच्या आणि थोरल्या जावेच्या शेजारी. जिवंतपणी ज्यांच्यात राज्याची वाटणी झाली, त्यांच्यात घाटाची वाटणी करण्याचे कोणास सुचले नाही, हे बरेच झाले. त्यांच्या समाधीचीही फार पडझड झाली. ज्या स्त्रीने औरंगजेबाला महाराष्ट्रात गाडले असे आपण व्यासपीठावरून सांगतो, तिच्या समाधीवर वाळू साचू द्यावी, यात आपल्या बोलण्यातील व करण्यातील अंतर उघडे पडते.

आणखी एक समाधी येथे आहे आणि गंमत अशी की तीच सर्वांत आधी मुलांस सापडते. ती शाहूमहाराजांच्या खंड्या नावाच्या कुत्र्याची. शिकारीत वाघाशी गाठ पडली असता या कुत्र्यामुळे महाराजांचा जीव वाचला, अशी कथा आहे. त्याबद्दल महाराजांनी त्यास पालखीचा मान व जहागीर दिली, हे ग्रँट डफनेही लिहून ठेवले आहे. एकदा एक बडा सरदार भरजरी पोशाख करून दरबारी येणार होता; तेव्हा महाराजांनी आपण साध्या वेषात बसून कुत्र्यास जरीचे वस्त्र व दागिने घातले आणि आपली पगडीही त्याच्याच डोक्यावर चढविली, असेही तोच सांगतो. युधिष्ठिराबरोबर स्वर्गाच्या दारापर्यंत गेलेल्या श्वानाची कथा ज्या देशात सांगितली जाते, तेथे कुत्र्याची समाधी असणे नवल नव्हे. नवल हे, की दगडावर श्वानाची आकृती असल्यामुळे खंड्या लोकांच्या लक्षात राहिला आणि शेजारच्या राण्या विस्मृतीत गेल्या.

सर्वच छत्रपतींना हा घाट लाभला नाही. थोरल्या शिवछत्रपतींची समाधी रायगडावर, संभाजीमहाराजांची भीमा-इंद्रायणीच्या परिसरात, राजारामांची सिंहगडावर. साताऱ्याच्या गादीवरील प्रतापसिंहमहाराजांस इंग्रजांनी १८३९ साली पदच्युत करून काशीस पाठविले आणि तेथेच १८४७ च्या ऑक्टोबरात त्यांचा अंत झाला. काशीत मरण यावे म्हणून लोक देव पाण्यात घालून बसतात. साताऱ्याच्या या राजाला ते मरण शिक्षा म्हणून मिळाले. त्यांचे चित्त अखेरच्या क्षणी गंगेत होते की कृष्णेत, ते विश्वेश्वरच जाणे.

पलीकडील क्षेत्र माहुली हे रामशास्त्री प्रभुणे यांचे गाव. नारायणराव पेशव्यांचा ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात खून झाला, त्यात रघुनाथरावांस दोषी ठरवून देहान्त प्रायश्चित्ताचा निर्णय सांगणारे आणि पद सोडून निघून जाणारे हे न्यायाधीश. ते कथानक सर्वांस ठाऊक आहे. सणाच्या दिवशी आठवावी अशी त्यांची दुसरी एक हकीकत आहे. थोरले माधवराव पेशवे तरुणपणी जपजाप्य व ध्यानधारणा यांत फार काळ घालवू लागले आणि राज्यकारभार खोळंबू लागला. शास्त्रीबोवांनी एके दिवशी काशीस जाण्याची रजा मागितली. कारण विचारता त्यांनी सुनावले, की ब्राह्मणाने क्षत्रियाचे काम हाती घेतले असेल तर प्रजेचे रक्षण हीच त्याची पूजा; ते जमत नसेल तर आपण दोघेही गंगाकाठी जाऊन बसू. पेशव्यांनी बोध घेतला. कर्तव्याला फाटा देणारी भक्ती ही भक्ती नव्हे, हे ज्या गावच्या माणसाने राज्यकर्त्यास स्पष्ट सांगितले, त्याच गावी १८१७ च्या ऑगस्टात दुसरे बाजीराव जॉन माल्कम या इंग्रज अधिकाऱ्याची भेट घेण्यासाठी येऊन राहिले होते. तीन महिन्यांत खडकीची लढाई झाली. त्याविषयी अधिक लिहिण्याजोगे काही नाही.

कृष्णा येथून खाली जाते ती अशा जागांना स्पर्श करीतच. ताराबाईंच्या माहेरी, तळबीडला, १६८७ साली वाईच्या लढाईत पडलेल्या हंबीररावांची समाधी आहे. बापाने नदीच्या वरच्या अंगास देह ठेवला, मुलीने मधल्या टप्प्यावर. कऱ्हाडला कोयना समोरून येऊन कृष्णेला भेटते, तेथे प्रीतिसंगमावर यशवंतराव चव्हाणांची समाधी आहे. २५ नोव्हेंबर १९८४ रोजी दिल्लीस देह ठेवलेल्या या नेत्यास अखेर याच पाण्याजवळ आणण्यात आले. आणखी खाली मिरजेत ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात १९३७ साली पैगंबरवासी झालेले अब्दुल करीम खाँ यांची कबर आहे. तेथे उरुसात गवई हजेरी लावतात, आणि ऐकावयास कृष्णाकाठची हिंदू घरे जातात, त्यास कित्येक दशके झाली. खुलदाबादेस गेलेल्या शाहूराजाच्या मुलखात हे शोभून दिसते.

महाशिवरात्रीस माहुलीस जाणाऱ्या कुटुंबांसाठी आता थोडे व्यवहाराचे. संगमस्नानानंतर विश्वेश्वराची पूजा झाली, की शिल्लक राहिलेले बेल तबकात तसेच ठेवावे, तेथील एखाद्या जाणत्यास विचारून शाहूमहाराजांची पिंडी गाठावी, मग येसूबाई व ताराबाई यांच्या समाध्या. तांब्याभर पाणी, चार बेलाची पाने, एक उदबत्ती. यात सुतक नाही की विटाळ नाही. पिंडीची पूजाच ती. स्त्रियांनी सोबत हळदकुंकू न्यावे की नाही, असा प्रश्न आमच्या परिचयातील एका वृद्ध बाईंनी उपस्थित केला, कारण दोन्ही राण्या वैधव्यात वारल्या. त्यांचे त्यांनीच उत्तर दिले. त्या म्हणाल्या, शाळुंकेला हळदकुंकू चालते ना, मग आता त्या कोणाच्या विधवा राहिल्या? मुले बरोबर असतील तर खंड्याची समाधी प्रथम दाखवावी. तेथून राण्यांपर्यंत ती आपणहून येतात. समाधीच्या दगडांवर चढू देऊ नये, त्यांवर शेंदूर किंवा रंग लावू नये, निर्माल्य नदीत सोडू नये.

आणि संध्याकाळी थांबणे शक्य असेल तर थांबावे. शहराची आजची स्मशानभूमी या परिसरातच आहे, तिचे नाव कैलास. साताऱ्यातील असंख्य घरांतील कोणी ना कोणी तेथूनच गेले आहे. २०२०-२१ च्या महामारीत तर तेथील सरणे दिवसरात्र विझत नव्हती, आणि घरच्यांना जवळही येता येत नव्हते, तेव्हा परक्यांनी अग्नी दिला. मृत्यूला महाशिवरात्रीची सुटी नसते. निशीथकाळच्या पूजेसाठी विश्वेश्वराच्या गाभाऱ्यात रुद्राची आवर्तने चाललेली असतात, घंटा वाजत असते, आणि पलीकडे कैलासात एखाद्या घरची माणसे सरणाभोवती उभी असतात. दोन्हीकडच्या लोकांना पाय धुवावयास खाली नदीवरच यावे लागते.